केबल किती तासांत जोडली, ते सांगा

संपादक महाशय,
सा.न.वि.वि.

खेड्यांतल्या इंटरनेटवरून सीमाभागात सध्या आरोप-प्रत्यारोप चालू आहेत. सत्ताधारी म्हणतात, पंचायती जोडल्या. विरोधक म्हणतात, कागदावर जोडल्या. दोघांचंही खरं आहे. पंचायतीत केबल आली, पेटी बसली, दिवा लागला की नोंद होते आणि तो विषय तिथेच संपतो. पहिल्या पावसात तीच लाइन दहा दिवस बंद पडली, तर त्याची नोंद कुणी ठेवत नाही. लोकांना प्रश्न पडतो तो बंद पडलेल्या दिवसांचा.

पंचायती फायबरने जोडण्याची केंद्राची ही योजना ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली आणि २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून बऱ्याच अंतरापर्यंत बीएसएनएलची आधीचीच केबल वापरली आणि तिथून पंचायतीपर्यंतच नवी टाकली. शिवाय मांडणी सरळ रेषेतली, त्यामुळे वाटेत एका जागी तुटली की पुढच्या सगळ्या पंचायती अंधारात.

तुटलेली लाइन जोडली म्हणजे पूर्ववत झाली, असंही नाही. एक्स्चेंजमधल्या यंत्रापासून पंचायतीतल्या पेटीपर्यंत प्रकाश जाताना साधारण २८ डेसिबलपर्यंतची घट चालते; डेसिबल हे ही घट मोजायचं माप. १८ किलोमीटर केबल असेल तर किलोमीटरला ०.३५ प्रमाणे सहाच्या वर तिथेच गेले. एकाचे सोळा फाटे करणारा स्प्लिटर १४ खातो. चार कनेक्टरचे दोन आणि मूळच्या सांध्यांचा एक धरला की हिशेब तेवीसच्या पुढे जातो. हाताशी उरतात जेमतेम पाच. जेसीबीने केबल तोडली की मधे नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका तुटीला दोन सांधे. नीट कापून, पुसून, मशीनवर केलेला सांधा ०.१ डेसिबलच्या आत बसतो. रस्त्याकडेला, पावसात, बोथट क्लीव्हरने, म्हणजे तंतू कापायच्या हत्याराने, केलेला ०.३ ते ०.५ खातो. अशा पाच-सात दुरुस्त्या झाल्या की उरलेली शिल्लक संपते. जॉइंट बॉक्सचं झाकण नीट बसलं नाही तर आत पाणी शिरतं, ते वेगळंच. मग पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकतो, मधूनच लाल होतो, दुपारी लाइन चालते, रात्री जाते. तक्रार केली की ‘लाइन चालू आहे’ असं उत्तर मिळतं, कारण तपासणाऱ्याला त्या घटकेला ती चालू दिसलेली असते. यावर उपाय म्हणजे ओटीडीआर हे तपासणी यंत्र लावून सांध्यागणिक घट मोजायची आणि तो पट्टा पूर्ण बदलायचा. आणखी एक सांधा मारून भागत नाही.

केबल इतकी का तुटते, हे खानापूर तालुक्यात वेगळं सांगायला नको. मऊ जमिनीत केबल १६५ सेंटिमीटर खोल हवी. जांभा लागला की खोली निम्म्यावर येते. तिथे वरून काँक्रीट किंवा लोखंडी पाइपचं संरक्षण द्यायचं असतं, तेच गाळलं जातं. मग रस्ता रुंदीकरण, गटार, नळपाणी योजनेची चर, प्रत्येकाचा फाळ आधी केबलला लागतो. खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं आहे. पंचायतीने खोदाईचा ना-हरकत दाखला देतानाच त्यावरच्या नोंदीचा पुरावा मागावा. याला एक पैसाही लागत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित भारतनेट मंजूर झाला. त्यात पंचायती कड्यात, म्हणजे रिंगमध्ये जोडायच्या आहेत. एक बाजू तुटली तरी दुसरीकडून संपर्क राहावा, हा त्यामागचा हेतू. मांडणी उत्तमच आहे, पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या एकाच चरीतून गेल्या तर एका घावात दोन्ही तुटतात. नकाशावर रिंग दिसते, जमिनीवर असते दोरी. जांबोटीला खानापूरहून रस्ता येतो, बेळगावहूनही येतो. दोन बाजू दोन रस्त्यांनी आणणं शक्य आहे आणि तसाच आग्रह धरला पाहिजे. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे एकच रस्ता आहे. तिथे एक बाजू जमिनीखालून आणि दुसरी हेस्कॉम या वीज कंपनीच्या खांबांवरून न्यावी. वाऱ्यात खांब पडले तर चर वाचते, जेसीबी आला तर खांब वाचतात.

आता मुद्दा सीमेचा. ही कामं राज्यवार गट पाडून दिली आहेत. त्यामुळे आराखडा करणाऱ्याची केबल हद्दीच्या दगडापाशी थांबते. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांना शिनोळी आणि चंदगड हाकेच्या अंतरावर आहेत, निपाणीला कागल. रिंगची दुसरी बाजू तिकडून मिळाली तर कितीतरी पंचायतींना खरा पर्यायी मार्ग मिळेल. दूरसंचार हा राज्यघटनेप्रमाणे केंद्राचा विषय आहे. सीमाप्रश्नावरच्या सर्वोच्च न्यायालयातल्या २००४ च्या दाव्याला यामुळे कसलीच बाधा येत नाही. तेव्हा दोन्ही राज्यांच्या खासदारांनी ही मागणी एकत्र करायला काय हरकत आहे? महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली होती, त्याचं स्वागतच आहे. पण तिची कागदपत्रंही ऑनलाइनच भरावी लागतात.

मोबाइल आहे, मग फायबर कशाला, असं काही पुढारी सभेत विचारतात. टॉवरलाही मागून पुरवठा लागतो. तो उपग्रहावरून किंवा तोकड्या मायक्रोवेव्ह बिनतारी दुव्यावरून आला की फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि पान काही उघडत नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर थंब लागत नाही, रोजगार हमीच्या हजेरीचा फोटो चढत नाही, ओटीपीची मुदत संपून जाते. म्हातारी माणसं पुन्हा उद्या येतात. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

भीमगड अभयारण्य परिसरातल्या वाड्यांबाबत ‘जंगल आहे, परवानगी मिळत नाही’ हे उत्तर ठरलेलं. अभयारण्याच्या आत वन्यजीव कायद्याचे नियम अधिक कडक आहेत, हे मान्य. पण वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये दूरसंचार लाइनसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. किती ग्रामसभांपुढे हा ठराव आला, हे लोकप्रतिनिधींनी सांगावं.

विजेचं गणित तर सोपं आहे. पेटी आणि वायफाय राउटर मिळून २५ वॅटच्या आसपास खातात, म्हणजे बारा तासांना ३०० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची एक बॅटरी निम्मी वापरली तरी ६०० देते. पावसाळ्यात हेस्कॉमची वीज रात्रभर गेली तरी लाइन टिकायला हवी. टिकत नाही, कारण बॅटरी मेलेली असते किंवा पंचायतीच्या दुसऱ्याच कामाला लावलेली असते. शिवाय कचेरीला पाचला कुलूप लागलं की वायफायही कुलपात. राउटरचा अँटेना बाहेरच्या भिंतीवर बसवला तर मुलांना संध्याकाळी त्याचा उपयोग होईल.

लाइन चालू असली तरी सरकारी सेवांचं सेवासिंधू आणि जमिनीच्या नोंदींचं भूमी ही कर्नाटकची संकेतस्थळं कन्नड आणि इंग्रजीत आहेत. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने आपल्या भाषेत निवेदन देण्याचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असलेल्या तालुक्यांत महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे १९६१ पासून ठरलेलं आहे. निदान अर्जाच्या सूचना आणि पोचपावतीचा एसएमएस मराठीत मिळावा. यात कन्नडचं काहीही कमी होत नाही.

या योजनेचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या पाच टक्के आकारणीतून, म्हणजे आपल्याच रिचार्जमधून येतो. त्यामुळे हिशेब मागायचा आपल्याला हक्क आहे. जिल्हा विकास समन्वय आणि देखरेख समिती, म्हणजे ‘दिशा’, खासदारांच्या अध्यक्षतेखाली भरते. तिथे पंचायतवार आणि महिनावार दोनच आकडे मांडावेत: लाइन किती तास बंद होती आणि तक्रारीनंतर किती तासांत जोडली. खानापूर विधानसभा क्षेत्र लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात येतं, त्यामुळे बेळगावच्या बैठकीत खानापूरचा विषय मागे पडण्याची भीती असते. तालुक्यातल्या सदस्यांनी तो आधी लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला लावावा, आणि डिसेंबरच्या अधिवेशनात आमदारांनी बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये हेच दोन आकडे विचारावेत.

आपला,
दूरसंचार खात्यातील निवृत्त तंत्रज्ञ,
खानापूर