ड्राइव्हच्या कोटेशनमधून लाइन चोक गाळू नका

मा. संपादक,
स. न.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) जळाला की कारखान्यात पहिला दोष जातो तो ड्राइव्ह बनवणाऱ्याकडे. जळालेला ड्राइव्ह परत पाठवण्याआधी एकदा उघडून पाहावा. आयजीबीटी (मोटरकडचे इलेक्ट्रॉनिक स्विच) गेले असतील तर मोटर आणि तिची केबल आधी तपासावी. डायोड ब्रिज (एसीचा डीसी करणारा इनपुटचा भाग) किंवा एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा घटक) गेले असतील तर घाव बहुधा लाइनकडून, म्हणजे येणाऱ्या विजेकडून, आला आहे. तसे असताना तिथेच नवा ड्राइव्ह बसवला, तर तोही जाणार.

वीज जाण्यापेक्षा ती परत येण्याचा क्षण जास्त घातक असतो. ४१५ व्होल्टच्या लाइनवर डीसी बस (ड्राइव्हमधला कपॅसिटर जोडलेला डीसी भाग) सुमारे ५८५ व्होल्टला असते. ड्राइव्ह चालू करताना प्रीचार्ज रेझिस्टर कपॅसिटरमध्ये घुसणारा करंट आवरतो आणि बस भरली की तो बायपास होतो. आता समजा, काही सायकलपुरते व्होल्टेज बसले, पण अंडरव्होल्टेज ट्रिप होण्याइतके नाही. मोटर बस रिकामी करत राहते, रेझिस्टर मात्र बायपासच असतो. व्होल्टेज परत आले की करंट उसळतो आणि तो सगळा डायोडना झेलावा लागतो. साधा एमसीबी उघडेपर्यंत डायोड गेलेला असतो, म्हणून फ्यूज मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जातीचाच हवा.

ही उसळी कमी करतो तो ३ टक्क्यांचा लाइन चोक, म्हणजे ड्राइव्हच्या इनपुटला जोडायची कॉइल, आणि कोटेशन उतरवताना नेमका तोच कापला जातो. हिशेब सोपा आहे. फेज व्होल्टेज २४०, त्याचे ३ टक्के ७.२ व्होल्ट. ड्राइव्हचा इनपुट करंट ३० अँपिअर असेल तर ०.२४ ओहम, म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे ०.७६ मिलिहेन्री. ट्रान्सफॉर्मरचे केव्हीए ड्राइव्हच्या १० पटींहून जास्त असतील किंवा त्याच पुरवठ्यावर पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक असेल, तर चोकला पर्याय नाही. ‘ड्राइव्हमध्ये डीसी चोक आहेच की’ हे उत्तर अपुरे आहे. तो हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) कमी करतो, पण बसतो डायोडच्या मागे. लाइनवरच्या सर्जपासून डायोडला त्याचा आडोसा नाही.

रोज ठराविक वेळी ओव्हरव्होल्टेज ट्रिप येत असेल तर फॉल्ट लॉगमधली वेळ कपॅसिटर बँक जोडली जाण्याच्या वेळेशी ताडून पाहावी. बँक जोडताना काही शे हर्ट्झचे आंदोलन उठते आणि बस ८०० व्होल्टच्या आसपासची ट्रिप मर्यादा ओलांडते. इथेही इलाज चोकच. स्वतःच्या एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलमध्ये कपॅसिटरसोबत ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिअॅक्टर (कॉइल) घालावेत, म्हणजे अनुनाद १८९ हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्या खाली राहतो.

व्होल्टेज ड्राइव्हच्या टर्मिनलवर आणि लोड चालू असतानाच मोजावे. ४१८, ४१२ आणि ४०० आले तर सरासरी ४१०, असमतोल २.४ टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण करंटचा असमतोल याच्या कित्येक पट होतो. एक फेज जवळजवळ रिकामा राहिला तर बसवरचा रिपल (डीसीतला चढउतार) ३०० वरून १०० हर्ट्झवर येतो आणि कपॅसिटर तापून लवकर मरतात. कारण अनेकदा एखादा सैल लग (तारेच्या टोकाचा जोड) एवढेच असते.

सर्ज प्रोटेक्टर लावला तरी त्याच्या तारा लांब असतील तर उपयोग निम्मा. दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री वाढतो, म्हणून फेजपासून अर्थपर्यंतची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर ड्राइव्हमधला एमओव्ही आणि ईएमसी (विद्युत गोंगाट रोखणाऱ्या) फिल्टरचा अर्थशी जोडणारा स्क्रू काढावा. नाहीतर एक फेज अर्थ झाला की उरलेल्या दोन्हींवर अर्थच्या तुलनेत ४१५ व्होल्ट येतात आणि एमओव्ही जळतो. न्यूट्रल अर्थ असताना निव्वळ ईएलसीबी (अर्थकडे गळणाऱ्या करंटवर तुटणारा ब्रेकर) ट्रिप होते म्हणून तो स्क्रू काढणे हा मात्र उपाय नव्हे.

आणि मोटर चालू-बंद करायला इनपुट कॉन्टॅक्टर (ड्राइव्हचा वीजपुरवठाच जोडणारा-तोडणारा स्विच) वापरू नये. दर वेळी प्रीचार्ज रेझिस्टर तापतो. त्यासाठी ड्राइव्हला रन-स्टॉप टर्मिनल दिलेले असतात.

— औद्योगिक विद्युत देखभाल करणारे अभियंते