काकू, तुमच्या शनिवारांबद्दल

आदरणीय काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव पत्रात घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काकू. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ज्यांचं दार आमच्या दारासमोर होतं, त्या काकू. पत्र तुम्हालाच आहे, पण उघडं ठेवते आहे. आमच्या घरात घडलं तसं आज ठाण्यात आणखी कुठल्या कुठल्या घरात घडत असेल, आणि त्या घरांच्या समोरही कोणाचं तरी दार असेलच.

चार वर्षं मी एका ध्यानकेंद्रात जात होते. त्याचं नावही लिहीत नाही. बाबा गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते. तिथली मैत्रीण एका रविवारी मला ध्यानाला घेऊन गेली. फुकट होतं. कोणी अंगारा दिला नाही, गंडा बांधला नाही, पैशाचं नाव काढलं नाही. बाबांना जाऊन महिना झाला त्या दिवशी पहाटे केंद्रातल्या एका ताईंचा मेसेज आला, 'आज तुला एकटं वाटेल, आम्ही आहोत.' माझ्या सख्ख्या मामाच्या ती तारीख लक्षात नव्हती. लोक अजून विचारतात, एवढी शिकलेली मुलगी अडकली कशी? अशी अडकले. त्या मेसेजने.

पुढचं सगळं पायरीपायरीने झालं. आधी १०१ रुपये 'अर्पण'. मग निवासी शिबिराची फी. मग केंद्र चालवणाऱ्या 'सरां'च्या नव्या जागेसाठी माझी मुदत ठेव, आणि शेवटी आईच्या पाटल्या. पहिल्याच रविवारी कोणी पाटल्या मागितल्या असत्या तर मी चप्पल घालून सरळ घरी आले असते. पण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा वीतभरच उंच होती, आणि आधीची मी स्वतःच्या पायाने चढलेली होती. आता नाही म्हणायचं म्हणजे मागचं हो चुकलं असं कबूल करायचं. ते मला जमत नव्हतं.

पैशांपेक्षा मला त्या शब्दांबद्दल जास्त सांगायचं आहे. शंका आली की तो 'मळ'. झोप आली की 'जडत्व'. घरची माणसं म्हणजे 'खेचणारी'. दर गुरुवारी सगळ्यांसमोर आठवड्यातल्या चुका सांगायच्या, त्याला 'मोकळं होणं' म्हणायचे, आणि एक ताई ते सगळं वहीत उतरवून घ्यायच्या. रात्री अकरापर्यंत ऑनलाइन बैठक आणि पहाटे साडेतीनला उठणं. चार तासांच्या झोपेवर ऑफिसात ताळेबंद जुळेना, तर मनाची शुद्धी चालली आहे असं सांगायचे. आईने एकदा रडत विचारलं, 'काय चुकलं गं माझं?' तेव्हा माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: आई खेचते आहे. ती का रडते हा विचार मनात यायच्या आतच शब्द हजर असायचा, आणि शब्द आला की विचार तिथेच संपायचा. बाहेरून बघणाऱ्याला हे कळत नाही. त्याला वाटतं मुलगी निगरगट्ट झाली.

आईने एकदा रागाच्या भरात सरांचा फोटो फाडला. मी बारा दिवस केंद्रातच राहिले. 'बघ, सर म्हणाले होते ना, घरचे असंच करतील,' असं तिथे प्रत्येकाने मला सांगितलं, आणि ते अगदी खरं ठरलेलं होतं.

मग तो जुलैतला शनिवार. तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. मी जिना चढून आले, तुम्ही दारात उभ्या होतात. इमारतीतले सगळे मला भेटले की एकच विचारायचे, 'अजून जातेस का गं तिकडे?' तुम्ही म्हणालात, 'डॉक्टरांनी सध्या वाचू नका म्हटलंय. शनिवारी संध्याकाळी तासभर मला वाचून दाखवशील?'

बाहेरचं काही वाचायला आम्हाला मनाई होती. पण म्हाताऱ्या शेजारणीला वाचून दाखवणं ही 'सेवा', आणि सेवेला केंद्रात फार मान. मी ताईंना विचारलं, त्यांनी परवानगी दिली. त्यांच्याच शब्दाने ते दार उघडलं. हे तुमच्या लक्षात होतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलेलं नाही.

पहिले दोन शनिवार ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर गेले. तुमच्या त्या निळ्या शाईच्या वह्या, बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना काढलेली टिपणं. तिसऱ्या शनिवारी तुम्ही दुसरी वही दिलीत. त्यात सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९५० च्या दशकातला प्रयोग होता. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली पहिलीइतकी लांब कोणती ते सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीत बसलेले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते एकजात चुकीची रेघ दाखवतात. खरी परीक्षा एकाचीच. आणि अशा वेळी तीनातलं जवळपास एक उत्तर लोकांनी डोळ्यांदेखत चुकीचं दिलं; निदान एकदा तरी मान तुकवणारे चारात तीन होते. माझ्या लक्षात राहिला तो त्याच्या पुढचा भाग. त्या पढवलेल्यांपैकी एकाच माणसाने खरं उत्तर दिलं, तर परीक्षा असलेल्या माणसाचं चुकणं एकदम कमी होतं.

वाचून झालं. तुम्ही विचारलंत, 'तू त्या खोलीत असतीस तर?' मी ठासून म्हटलं, मी बरोबरच सांगितलं असतं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि चहा टाकायला उठलात. दुसरा प्रश्न नाही. तो न विचारलेला दुसरा प्रश्न मला आठवडाभर ऐकू येत राहिला.

श्रावण संपता संपता ती शिकागोची गोष्ट आली. तुमच्या वहीत सात पानं होती. एका गृहिणीला म्हणे परग्रहावरून संदेश येत होते: २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार, निष्ठावंतांना तबकडी येऊन घेऊन जाणार. काहींनी नोकऱ्या सोडल्या, घरदार सोडलं. लिऑन फेस्टिंजर नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी भक्त असल्याचं भासवून त्यांच्यात जाऊन बसले होते, भविष्य खोटं ठरल्यावर काय होतं ते बघायला. मध्यरात्र झाली. तबकडी आली नाही. माणसं सुन्न बसून राहिली. पहाटे नवा संदेश आला: तुम्ही रात्रभर जागून एवढा प्रकाश पसरवलात की जग वाचलं.

इथे माझा आवाज थांबला.

कारण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आम्ही तीन दिवस केंद्रात बसलो होतो. फोन काढून घेतलेले, जवळजवळ उपाशी. अमावास्येला मोठं संकट येणार होतं. आलं नाही. पहाटे सर बाहेर आले आणि म्हणाले, 'तुमच्या साधनेने टळलं.' आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला पाच नवी माणसं आणायला सांगितलं, आणि तोवर लाजणारी मी तीन हात नाक्यावर अनोळखी बायकांना पत्रकं वाटत उभी राहिले. तुमच्या वहीच्या पुढच्याच ओळीत होतं: तोवर वर्तमानपत्रांना टाळणारे ते लोक त्या पहाटेनंतर स्वतःहून त्यांना फोन करू लागले.

इतकं सगळं सोडून आलेल्या माणसाला 'मी चुकलो' म्हणण्यापेक्षा आणखी चार जणांना पटवणं सोपं जातं, कारण ते चार जण 'हो' म्हणाले की आपलं चुकलं नाही असं वाटतं. हे मी त्या दिवशी पुस्तकी ज्ञान म्हणून वाचलं नाही. माझ्या हाताला पत्रकांचा वास आला.

तुम्ही पाणी आणते म्हणून आत गेलात. तांब्या-भांडं टेबलावरच होतं, काकू. तुम्ही मला एकटं सोडलंत, कोणी बघत नसताना रडता यावं म्हणून. परत आल्यावर म्हणालात, 'उरलेलं पुढच्या शनिवारी.'

लगेच काही बदललं नाही. गुरुवारी मी केंद्रात गेले, माझी पाळी आली, आणि 'मोकळी' होताना मी ही गोष्ट सांगितली नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्याजवळ असं काही होतं जे त्यांच्या वहीत नव्हतं. त्या रात्री मी बैठकीला न बसता सात तास झोपले.

मग हळूहळू इतर वह्या आल्या. रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या सक्तीच्या विचारबदलातून बाहेर आलेल्या माणसांचा अभ्यास करून १९६१ मध्ये आठ खुणा मांडल्या. बाहेरच्या जगाशी संबंध तोडणं, सतत कबुलीजबाब घेणं, शुद्धतेचा हट्ट, आणि त्यातलीच एक म्हणजे शब्द असे घडवणं की ते विचाराच्या जागी जाऊन बसतील. मी मुकाट्याने घरी येऊन आमचे शब्द लिहून काढले. एकतीस निघाले. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ ला सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो या जपानी पंथाची माहितीही तुम्ही वाचायला लावलीत, आणि सरीनची पिशवी फोडणाऱ्यांतला एक हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता या ओळीखाली तुमची रेघ होती. मी स्वतःला मूर्ख समजू लागले होते. ती रेघ माझ्यासाठी मारलेली होती.

जोन्सटाउनचं मात्र तुम्ही वाचू दिलं नाहीत. ते मी पुढे स्वतः वाचलं: १८ नोव्हेंबर १९७८, गयानाच्या जंगलात एका अमेरिकी पंथातल्या माणसांचे नऊशेहून जास्त मृत्यू, त्यात जवळपास तिसरा हिस्सा मुलं. तेव्हा का टाळलंत असं विचारलं तर म्हणालात, 'इतकं भयंकर वाचून तू लगेच म्हणाली असतीस, आमचं काही असं नाही. आणि परत गेली असतीस.' अगदी तसंच झालं असतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी गेलेच नाही. तुमच्याकडे बसले. तुम्ही पोळी आणि वांग्याची भाजी वाढलीत. फोन सारखा वाजत होता. रात्री मेसेज आला की मी अशी निघाले तर बाबांना गती मिळणार नाही. ज्या ताईंनी बाबांची तारीख लक्षात ठेवली होती, त्यांचाच. मी थरथरत होते. तुम्ही उशी घेऊन आमच्या घरी आलात आणि आईच्या शेजारी झोपलात.

बाहेर पडलं म्हणजे सुटलं, असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. पुढचे सात महिने रात्री साडेतीनला जाग यायची आणि छाती धडधडायची. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुम्हीच फ्रिजवर चिकटवलात. तिथून डॉक्टरांपर्यंत पोचले, औषधं घेतली, बोलले. पाटल्या परत मिळाल्या नाहीत. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात २०१३ मध्ये आला, डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी. पण माझ्याकडून कोणी करणी उतरवायचे पैसे घेतले नव्हते. सगळं मी माझ्या सहीने, हसतमुखाने दिलं होतं.

मार्चमध्ये तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत की चष्मा ऑगस्टमध्येच आला होता. त्यानंतरचे सगळे शनिवार तुम्ही स्वतः वाचू शकत होतात. 'मीही तुला फसवलंच. राग आला तर हक्काने धर,' म्हणालात. मला राग आला नाही, पण ती कबुली मी पुष्कळ दिवस मनात घोळवली. सरांनी चार वर्षांत एकदाही 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. चुका फक्त आमच्या असायच्या आणि त्या वहीत जायच्या. तुम्ही तुमची चूक माझ्या हातात दिलीत आणि तिचं काय करायचं ते माझ्यावर सोपवलंत.

आईला तुम्ही त्या काळात काय सांगितलंत तेही आता कळलं. सरांना नावं ठेवू नका. भांडू नका. ती जेवायला बसली की बाबांच्या आठवणी काढा, बाबा सरांच्या आधीचे आहेत. आईने ते पाळलं. तिला ते किती जड गेलं असेल.

मला तिथे नेणारी मैत्रीण अजून आतच आहे. तिच्या वाढदिवसाला मी फोन करते. केंद्राबद्दल एक शब्द काढत नाही, ऑफिसजवळचा वडापाववाला अजून तिथेच आहे का, एवढंच विचारते. गेल्या वर्षी तिने उचलला नव्हता. या वर्षी उचलला. दोन मिनिटं बोलली.

इमारत पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही मुलाकडे कासारवडवलीला राहायला गेलात. आता घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे मला पोचायला पाचचे साडेपाच होतात, तेवढं चालवून घ्या. आता दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन ठरलं आहे असं आई म्हणाली. ऑपरेशननंतरचा पहिला शनिवार माझा. कुठली वही काढायची ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
समोरच्या दारातली