उवांचं खापर टोळीच्या पोरींवर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, कोप्या (झोपड्या) घालून राहतात, शाळेत चार-सहा नवी पोरं येतात आणि पाठोपाठ कुजबुज सुरू होते. यंदा माझी चौथीतली नात घरी येऊन म्हणाली, "आजी, त्या कोपीवरच्या मुलीमुळं आम्हाला उवा झाल्या. बाईंनी तिला मागं एकटीला बसवलंय." शाळेचं नाव लिहीत नाही. मीही ३० वर्षं शिकवलं आणि हेच केलं, एकदा नाही, बऱ्याचदा.

नातीला उन्हात पायरीवर बसवलं, तेल चोपडलं, मांडीवर पांढरा फडका पसरला आणि फणी लावली. (कंगवा नव्हे, फणी. हल्ली कित्येक घरांत ती नसतेच.) पाच उवा निघाल्या, पण नजर अडकली लिखांवर. जिवंत लीख टाळूला लागून, जेमतेम पाव इंचात असते. तिला डोक्याची ऊब लागते. नातीच्या केसांवर मात्र टाळूपासून तीन बोटं लांब रिकामी पांढरी टरफलं होती. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि टरफल त्याच्याबरोबर पुढं सरकतं. म्हणजे या लिखा गणपतीच्याही आधीच्या. तेव्हा ती पोर बीडकडं आपल्या गावी होती!

हे वर्गात फणी हातात घेऊन दाखवावं, एवढीच माझी मागणी आहे. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, नुसती चालते. डोक्याला डोकं लागलं की पलीकडं जाते, आणि आता एका मोबाइलवर चार-चार डोकी वाकलेली असतात. रोज न्हाणाऱ्या मुलीलाही उवा होतात. आठ वर्षांच्या पोरींना हे पटकन कळतं, अडतं ते मोठ्यांचं. अजूनही कुणी रॉकेल चोळतं, कुणी सीताफळाच्या बियांची पूड लावतं. ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते. माझ्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर डोळा बांधून बसली होती.

औषधही एकदा लावून भागत नाही. लिखेतून ७ ते १० दिवसांत पिल्लू बाहेर पडतं, म्हणून दुसरा हात द्यावाच लागतो. आणि एकटीनं करून उपयोग नाही, शेजारणीकडून पुन्हा येतात. जंतनाशक गोळी आपण अख्ख्या शाळेला एकाच दिवशी देतो. कुणाच्या पोटात जंत आहेत हे विचारत नाही, त्यामुळं कुणी लाजतही नाही. फणीचंही तसंच करा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येक घरात, मुलग्यांच्यासुद्धा डोक्यात, मग दहा दिवसांनी परत. कोपीवर फणी आणि तेलाची बाटली शाळेनं पोचवावी, शंभर-दोनशे रुपयांचा तर प्रश्न आहे.

सोमवारी नातीला सोडायला गेले. त्या मुलीचे केस आईनं घरीच कात्रीनं वेडेवाकडे कापून टाकले होते. अजून ती मागच्याच बाकावर आहे. मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी परत जाईल.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. वाळवा, जि. सांगली