ग्रीनलंड भारतापेक्षा मोठं नाही

महोदय,

परवाच्या अंकात ग्रीनलंडच्या बातमीशेजारी आपण जगाचा नकाशा छापलात, अर्ध्या पानाचा, रंगीत. बातमी मी एकदाच वाचली. नकाशा मात्र दिवसभर समोर होता, आणि शेवटी हे पत्र लिहायला बसलो.

त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात त्याचं क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आणि आफ्रिकेचं तीन कोटींच्या वर. चौदा ग्रीनलंड आफ्रिकेत मावतील. आपला भारत ३२ लाख ८७ हजार, म्हणजे ग्रीनलंड भारताच्या दोन तृतीयांशच. हे आकडे शाळेच्या अ‍ॅटलासमध्येही मिळतात. बातमी जर ग्रीनलंडचीच होती, तर निदान ग्रीनलंडचा आकार तरी कोणीतरी तपासायला हवा होता.

एवढा राग येण्याचं कारण घरातलं आहे. माझी नात सातवीत शिकते. गेल्या वर्षी चवथीचं, म्हणजे गणपतीचं, विसर्जन झाल्यावर माटोळीतलं (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीतलं) एक तोरिंग, म्हणजे पपनस, मी तिच्यासाठी बाजूला ठेवलं. त्यावर आम्ही दोघांनी शाईने विषुववृत्त आणि रेखावृत्तं काढली, तिने आपल्या हाताने आफ्रिका, भारत आणि वर ग्रीनलंड रेखाटलं. मग साल अलगद सोडवून पाटावर दाबली. टोकांकडे ती लगेच फाटली. ‘या फटी बुजवायच्या कशा?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘ओढून ताणून.’ इतकं सोपं आहे ते. तुम्ही छापलेला नकाशा ज्याच्या पद्धतीचा, त्या मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली हेच केलं, फक्त जितकं आडवं ताणलं तितकंच उभंही ताणलं, म्हणजे कोन बिघडणार नाहीत. त्यामुळे ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. गोवा १५ अंशांवर, आपण फारसे ताणले जात नाही. ग्रीनलंड जवळजवळ सगळं ६० अंशांच्या वर आहे, त्याचं काय होत असेल ते उघड आहे.

दोन महिन्यांनी तालुक्यात एक सामान्यज्ञान स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत तिला विचारलं: भारत, अर्जेंटिना आणि ग्रीनलंड यांत क्षेत्रफळाने सर्वांत मोठं कोण? ती म्हणाली, भारत. परीक्षकांनी भिंतीवर टांगलेल्या नकाशाकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘बाळ, जरा नीट बघ.’ ती म्हणाली, ‘नकाशात तसं दिसतं, पण तसं नाही. आजोबांनी मला दाखवलंय.’ सभागृह हसलं. त्या एका गुणाने तिचा पहिला क्रमांक गेला. मी मागच्या खुर्चीवर होतो. तिथल्या तिथे उठून बोलायला हवं होतं, बोललो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅटलास घेऊन आयोजकांकडे गेलो, तर निकाल जाहीर झालाय, आता काही करता येणार नाही, असं सांगून मला परत पाठवलं. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाचा अ‍ॅटलास कोणी उघडूनही पाहिला नाही. परवा तुमचा अंक तिनेच माझ्या हातात दिला. ‘आजोबा, पेपरातही तसंच आहे,’ एवढंच म्हणाली.

मर्केटरला मी दोष देत नाही. त्याचा नकाशा दर्यावर्द्यांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर त्याच्या नकाशावर सरळ रेघ ओढता येते, आणि आपले तारवटी, म्हणजे खलाशी, ज्या जहाजांवर जातात तिथे सागरी नकाशे आजही त्याच पद्धतीचे असतात. पण तुमचा वाचक जहाज हाकत नाही. तो कुठला देश केवढा हे बघतो आणि तेच मनात धरून ठेवतो.

आणि नकाशाने माणसाला काय वाटायला लावता येतं, हे गोमंतकीयांना तरी समजायला हवं. १९३४ साली पोर्तुगालमधल्या पोर्तु शहरात वसाहतींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा अंगोला आणि मोझांबिक युरोपच्या नकाशावर पसरून ‘पोर्तुगाल लहान देश नव्हे’ असं छापलं होतं. मूळ पोर्तुगाल जेमतेम ९२ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही. तिथे आकार खरे होते, मांडणी लबाड होती. इथे आकारच खोटे आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी संघाने मर्केटरचा नकाशा बदलावा या मोहिमेला पाठिंबा दिला. ‘इक्वल अर्थ’ नावाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत, २०१८ पासून उपलब्ध आहे, त्यात क्षेत्रफळं खरी राहतात आणि खंडांचे आकारही डोळ्यांना खटकत नाहीत. ते कोणालाही वापरता येतं. तेव्हा त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या आकारात, दुरुस्त नकाशा छापावा ही नम्र विनंती. पान सातच्या कोपऱ्यात दोन ओळींची दिलगिरी नको. मला ते कात्रण स्पर्धेच्या आयोजकांना नेऊन द्यायचं आहे.

जाता जाता आणखी एक. पावसाच्या चौकटीत आपण रोज पणजी आणि मुरगावचे आकडे देता, वाळपईचा आकडा आठवड्यातून एखाद्या दिवशी दिसतो. घाटालगत पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त पडतो. म्हादई आणि तिच्या ओहोळांकडे बघून आम्हाला पेरणी-लावणीचे दिवस ठरवावे लागतात. जुलैत तरी तो आकडा रोज द्या.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
वाळपई, सत्तरी