नागीण सुकते, दुखणं मागे राहतं : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नागिणीनंतर रेंगाळणाऱ्या वेदनेवरची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे. सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरच्या एका बाजाराच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. ज्या दुखण्याबद्दल लिहितेय त्याने माणूस मरत नाही, त्याची साथ येत नाही, त्यासाठी कुणाला अॅम्ब्युलन्समधून न्यावं लागत नाही. म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण आमच्याकडची कितीतरी म्हातारी माणसं त्यापायी महिनोन्‌महिने रात्रभर जागी असतात.

नागिणीचे, म्हणजे अंगाच्या एका बाजूला पट्ट्यात उठणारे, फोड दोन ते चार आठवड्यांत सुकतात, खपल्या पडतात. त्यानंतर तीन महिने उलटले तरी त्याच पट्ट्यात आग होत राहिली, सणका येत राहिल्या, तर तो वेगळा आजार मानला जातो. नागीण झालेल्या दहा जणांपैकी एक-दोघांच्या वाट्याला तो येतो, आणि वय जितकं जास्त तितका धोका जास्त. आमच्या गावांत मागे राहिलेलं कोण आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. मुलं मुंबई-ठाण्याला, घरात साठी-सत्तरीची माणसं.

या वेदनेचं वैशिष्ट्य असं की कातडीवर काहीच दिसत नाही. "निखारो ठेवल्यासारख्या भगभगता," असं बायका सांगतात. साडीचा पदर लागला तरी जीव जातो, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये घामाने चिकटलेला ब्लाऊज अंगावर ठेवणं म्हणजे काय, ते त्यांनाच माहीत. आणि घरचे म्हणतात, खपल्या तर पडल्या, आता काय दुखतंय? पोटच्या मुलालाही फोनवर पटवून देता येत नाही. झोप जाते, जेवण तुटतं, माणूस कुणाशी बोलेनासा होतो.

मी बाई आहे म्हणून मला थोडं जास्त कळतं. नागीण पुष्कळदा बरगड्यांच्या रेषेत उठते, म्हणजे छातीखाली, पाठीवर, कंबरेशी. तिथलं पुरळ पुरुष डॉक्टरला दाखवायला आमच्या बायका आजही संकोचतात. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून त्या काउंटरशी येतात आणि हळू आवाजात सांगतात. तोवर फोड उठून पाच-सहा दिवस झालेले असतात.

हा उशीरच घात करतो. कांजिण्यांचा विषाणू लहानपणी शरीरात शिरतो तो कांजिण्या बऱ्या झाल्यावरही बाहेर जात नाही. कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो निपचित पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली, स्टिरॉइड किंवा कर्करोगाची औषधं चालू झाली, की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. मागे राहणारी वेदना ही त्या दुखावलेल्या मज्जातंतूची असते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळी सुरू झाली तर फोड लवकर सुकतात आणि सुरुवातीचं दुखणं हलकं होतं. नंतरची वेदना त्याने हमखास टळते असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण हातात असलेली पहिली संधी तीच. असायक्लोव्हिरच्या ८०० मिलीग्रॅमच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा, सात दिवस, म्हणजे पस्तीस गोळ्या. व्हॅलासायक्लोव्हिर असेल तर दिवसाला तीन वेळा पुरते, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तेच जमतं.

ते ७२ तास आमच्याकडे कुठे जातात? पहिले एक-दोन दिवस लचक भरली म्हणून बाम चोळण्यात, कारण दुखणं बहुधा पुरळाच्या आधी सुरू होतं. मग नागीण उतरवणाऱ्याकडे. गेरूचा लेप, मंत्र, पथ्य. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस दगावतो, ही भीती घराघरांत आहे. खरं तर एका बाजूचा मज्जातंतू शरीराची मधली रेषा ओलांडत नाही, त्यामुळे पुरळ सहसा तिथेच थांबतं. फोड आपोआप सुकतात आणि त्याचं श्रेय उतारा करणाऱ्याला मिळतं. मी त्या माणसांना नावं ठेवत नाही. रुग्ण पहिल्यांदा त्यांच्याकडे जातो, हे सत्य धरून आपल्या विभागाने त्यांच्याशी बोलावं अशी माझी विनंती आहे. "उतारा करतो, पण आजच्या आज सरकारी दवाखान्यात जाऊन ये," एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं तर कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त काम होईल. आणि कपाळावर, डोळ्याभोवती, नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर तासाचाही वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कारण तिथे दृष्टी जाण्याची भीती असते. हे प्रत्येक आशाताईला तोंडपाठ असायला हवं.

आता मुख्य मागणी. या वेदनेवर पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक जवळजवळ काम करत नाहीत. तरीही लोक तीच मागतात, कारण दुखण्याची गोळी म्हणून तीच माहीत आहे. महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक खाल्ल्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात, रक्तदाब वाढतो. मूळ दुखणं तसंच, वर नवं लागतं. मी दुकानात समजावते, काही ऐकतात, काही दुसऱ्या दुकानात जातात.

उपयोगी पडणारी औषधं वेगळी आहेत : अमिट्रिप्टिलिन, गाबापेंटिन, प्रीगाबालिन. एक मूळची नैराश्यावरची, बाकीची दोन फिटवरच्या औषधांच्या गटातली. चाळवलेल्या मज्जातंतूंकडून जाणारे वेदनेचे संदेश ती मंदावतात. ती नवी नाहीत, दुर्मीळ नाहीत, जनऔषधी केंद्रात फारशी महागही नाहीत. अमिट्रिप्टिलिन तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधं मोफत झाली, त्याचा आम्हाला खरोखर आनंद आहे. पण शेल्फवर नसलेलं औषध मोफत असून काय उपयोग? चिठ्ठी बाहेरची मिळते आणि ती घेऊन माणूस माझ्याकडे येतो. एक पट्टी घेतो, कधी अर्धीच. ज्या औषधाचा गुण कळायला दोन-तीन आठवडे लागतात, ते पाच दिवसांत संपतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचाही इथे आधार नाही, कारण ती दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे आणि हा रुग्ण कधी दाखल होत नाही.

नुसत्या गोळ्या पाठवून मात्र भागणार नाही. या औषधांनी गुंगी येते, चक्कर येते. पूर्ण मात्रा पहिल्याच दिवशी दिली तर सत्तरीची बाई पहाटे न्हाणीघराकडे जाताना पडते. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून पडून खुब्याचं हाड मोडलं, तर ती पुन्हा उठेल की नाही सांगता येत नाही. म्हणून रात्रीच्या लहान मात्रेपासून सुरुवात करायची आणि दर काही दिवसांनी थोडी थोडी वाढवायची. मूत्रपिंड कमकुवत असेल तर गाबापेंटिन, प्रीगाबालिनची मात्रा कमी ठेवावी लागते. प्रोस्टेटचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन जपून. आणि कुठलंही एकदम बंद करायचं नाही. हे सांगणारं कुणी नसतं, म्हणून चौथ्या दिवशी "हेना डोक्या फिरता" म्हणत माणूस गोळी सोडून देतो आणि आपल्यावर औषध लागू पडत नाही असं धरून चालतो. मात्रा नीट बसली तर वेदना बहुधा शून्यावर येत नाही, पण निम्म्यावर आली तरी रात्रीची झोप मिळते.

हे काम उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी करू शकतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्रा ठरवायची, आठवड्याने उपकेंद्रातून फोन करून चक्कर, झोप, दुखणं विचारायचं, महिन्याची औषधं तिथेच द्यायची. रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णांची औषधं महिन्यागणिक द्यायची घडी आपल्याकडे बसलेली आहेच, त्यात हे रुग्ण जोडता येतील. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्यांनाही हीच औषधं लागतात, तेव्हा मागवलेला साठा पडून राहील अशी शंका खरेदी करणाऱ्यांनी बाळगू नये. अवघड रुग्णांसाठी ओरोस आणि रत्नागिरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातला एक ठरावीक दिवस वेदनेच्या ओपीडीचा असावा आणि ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवर त्याच दिवशी तिथले डॉक्टर मिळावेत. दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसं आज गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. मंडणगडच्या माणसाला तर कुठलंच ठिकाण जवळ नाही. अंगाला कपडा सोसत नसताना एसटीच्या धक्क्यांत तीन तास बसणं ही शिक्षाच.

लशीबद्दल थोडं. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. चाचण्यांत तिने नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त संरक्षण दिलं. पण दोन्ही डोसांचा खर्च वीस हजारांच्या आसपास जातो आणि तो आमच्या मासे विकणाऱ्या, काजू फोडणाऱ्या बायकांच्या आवाक्यातला नाही. वेदना आधीच सुरू झालेल्यांना तिचा उपयोगही नाही. सगळ्यांना लस द्या असं मी आज मागत नाही. कर्करोगाचे, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण यांच्यापासून सुरुवात व्हावी. गोळ्या मात्र आधी हव्यात, कारण त्यांची गरज आज रात्रीची आहे.

महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची पुढची मागणीपत्रं जातील, तेव्हा त्यांत असायक्लोव्हिर ८०० किंवा व्हॅलासायक्लोव्हिर, अमिट्रिप्टिलिन १० आणि २५, गाबापेंटिन १०० आणि ३००, प्रीगाबालिन ७५ एवढी नावं आहेत का, हे आपण स्वतः पाहावं. नसतील तर का नाहीत, हे दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारावं. ही औषधं सरकारी दवाखान्यात मिळू लागली तर माझ्या दुकानातली विक्री कमी होईल. ती व्हावी, असंच मला वाटतं.

आपली नम्र,
सिंधुदुर्ग किनारपट्टीवरची एक फार्मासिस्ट