चूक सांगायला फाट्यापासून चालत आलेल्या सरांना

सर, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. घरी चला, चहा घ्या म्हणेपर्यंत तुम्ही चारच्या गाडीसाठी फाट्याकडं वळलात. आता नाव नाही, पत्ता नाही, अशा माणसाला पत्र धाडायचं तर ते असं चारचौघांतच लिहावं लागतं. जिंतूरकडच्या कुणी हे वाचलं आणि पायात कापडी बूट, हातात वायरची पिशवी असलेले फिजिक्सचे रिटायर सर ओळखीचे निघाले, तर त्यांच्यापर्यंत एवढं पोचवा.

महाशिवरात्रीला आम्ही मायलेकी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलो होतो. बारीत चार तास गेले. हिंगोलीकडची गाडी गच्च भरून आमच्या डोळ्यांसमोर निघून गेली. स्टँडवर टेकलो आणि लाईट गेली. चतुर्दशीची रात्र, चंद्र नाही, मृग नक्षत्र डोक्यावर. पोरगी वर बघत बसली आणि मला म्हणाली, "आई, तो तांबूस तारा, काक्षी, आत्ता तिथं असंल का गं?"

हा प्रश्न तिनं आधी तीन ठिकाणी विचारला होता. शाळेत उत्तर मिळालं, "हे पोर्शनमध्ये आहे का?" वर्ग हसला आणि त्या दिवसापासून ती 'आइन्स्टाईनबाई' झाली. सोयाबीनच्या पैशातून फी भरलेल्या क्लासमध्ये सांगितलं, "नीटला येत नाही, टाइम घालवू नको." आणि गॅदरिंगला आलेले एक पाहुणे माईकवर म्हणाले, "मुलांनो, तुम्ही रात्री बघता ते सगळे तारे केव्हाच मेलेले आहेत!" टाळ्या पडल्या. ही उठून म्हणाली, "कशावरून?" तोवर माईक दुसऱ्याच्या हातात गेला होता. दिवाळीनंतर तिनं वर्गात हात वर करणं सोडलं. हे मला मार्चमध्ये कळलं, तिच्या मैत्रिणीकडून.

तुम्ही शेजारच्या बाकावर होता. म्हणालात, "बाळ, तू बघतेस तो पाचशे-सातशे वर्षांपूर्वीचा काक्षी. इतक्या लांब काळच हळू चालतो. आइन्स्टाईनचं टाइम डायलेशन म्हणतात त्याला."

"मंग चंद्रावरबी काळ हळू चालतो का? तोबी सव्वा सेकंद जुना दिसतो म्हणे."

तुम्ही तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात जादा गाडी लागली. आम्ही चढत असताना तुम्ही गाव विचारलंत. खोटं कशाला बोलू, मला जरा वेगळंच वाटलं. अनोळखी माणसाला गाव कामून सांगायचं? पण सांगितलं.

आठव्या दिवशी आम्ही हरभरा उपटत होतो, तर बांधावरून तुम्ही येताना दिसलात. फाट्यापासून तीन किलोमीटर, उन्हातानात. गावात तुम्ही 'ताऱ्यांचं विचारणारी पोरगी' एवढ्यावर घर शोधलंत आणि लोकांनी तुम्हाला आधी दोन चुकीच्या घरी पाठवलं, हे नंतर कळलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. पाणी घेतलं नाही. सरळ तिच्यासमोर, धसकटांत, उकिडवे बसलात आणि म्हणालात, "बाळ, त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं. दोन वेगळ्या गोष्टींची मी खिचडी केली. तुझी शंका बरोबर होती."

सर, मी बेचाळीस वर्षांची आहे. आमच्या बांधाची मोजणी करायला आलेल्या माणसानं खूण दीड हात सरकवली, त्याला सहा वर्षं झाली. खेटे आम्ही घालतोय, तो फिरकला नाही. आणि तुम्ही कोण कुठले, रात्री स्टँडवर बोललेल्या एका वाक्यासाठी तिकीट काढून, चालत येऊन नववीतल्या पोरीपुढं उकिडवे बसलात. तुम्ही बोलत होता तेव्हा मी विळा हातात धरून नुसती उभी होते. पोरीचा चेहरा मला दिसत होता. तिला आनंद झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. आधी ती घाबरली. मोठं माणूस असं म्हणतं, हे तिला माहीतच नव्हतं.

मग तुम्ही मला विचारलंत, "तुमचा भाऊ कुठं असतो?" म्हटलं, चाकणला, कंपनीत. तुम्ही बांधावर हरभऱ्याचे घाटे ओळीनं मांडलेत. हा एकेक घाटा म्हणजे मामाचं रोजचं एक पोस्टकार्ड. यायला चार दिवस लागतात, म्हणून वाचतो ती खबर चार दिवसांची शिळी. पण कार्ड रोज एक येतंय ना? मग मामाचं घड्याळ हळू झालं का? नाही. उशीर पोस्टाचा आहे. काक्षीचं तेच, आठ मिनिटं वीस सेकंद जुन्या दिसणाऱ्या सूर्याचं तेच, चंद्राचं तेच.

मग तुम्ही घाट्यांमधलं अंतर वाढवत नेलंत. मामा ट्रकमध्ये बसून रोज आणखी लांब चाललाय. पुढचं प्रत्येक कार्ड जास्त वाट तुडवून येतं, त्यामुळं आता ती दीड-दोन दिवसांनी यायला लागतात. पोरगी म्हणाली, "हे टाइम डायलेशन!" तुम्ही हसून मान हलवलीत. हेही नाही. प्रत्येक कार्डाच्या प्रवासाचे दिवस आधी वजा कर. साधा ट्रक असेल तर सगळा हिशेब जुळतो. पण ट्रक प्रकाशाच्या ८७ टक्के वेगानं पळत असेल, तर सगळं वजा करूनही मामानं एक दिवस म्हणून लिहिलेला दिवस आपल्या मोजणीत दोन दिवसांचा भरतो. वजाबाकी करून जे उरतं, तो कालविस्तार, म्हणजेच टाइम डायलेशन.

मी बारावी आर्ट्स. तरी त्या दिवशी मला हे कळलं, आणि कळलं म्हणूनच इथं लिहायची हिंमत करतेय. चुकलं असेल तर या परत सांगायला.

मोबाईलच्या नकाशाचं तर मी आता गावभर सांगत सुटलेय. जीपीएसचा उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्याचा सिग्नल आपल्याकडं पोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. म्हणजे खबर शिळी. पण त्याच उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतं. वेगामुळं ७ नं मागं पडतं, पण तिथं पृथ्वीची ओढ कमी म्हणून ४५ नं पुढं जातं. निरोप उशिरा आणि घड्याळ पुढं, एकाच ठिकाणी! दोन्ही गोष्टी एकच असत्या तर असं झालं असतं का?

मेलेल्या ताऱ्यांचंही तुम्ही मिटवलंत. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांचा उजेड फार तर काही हजार वर्षं जुना, आणि तारे जगतात लाखो, कोट्यवधी वर्षं. म्हणजे जवळपास सगळे शाबूत असणार. काक्षी म्हातारा आहे, फुटणार आहे, पण पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी. त्या पाहुण्यांना कुणीतरी कळवा. टाळ्या परत घेता येत नसतील तर राहू द्या.

आणि 'आत्ता'? पोरगी तिथंच अडून बसली होती. तुम्ही फाट्याकडं बोट केलंत. फाट्यावर उभा असलेला माणूस आणि त्याच्यासमोरून ताशी साठच्या वेगानं देवयानीच्या, म्हणजे आकाशातल्या त्या लांबच्या दीर्घिकेच्या, दिशेनं जाणारी एसटी. दोघांच्या डोळ्यांत त्या क्षणी शिरणारा देवयानीचा उजेड एकच, पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. पण 'तिथं आत्ता काय चाललंय' याचा आइन्स्टाईनच्या नियमानं हिशेब मांडला, तर दोघांच्या 'आत्ता'मध्ये सुमारे पन्नास दिवसांचं अंतर पडतं. कुणाचा आत्ता खरा? तुम्ही म्हणालात, दोघांचाही. मला हे अजून पचलं नाही. पोरीला पचलंय असं ती म्हणते. काक्षी जवळ आहे, तिथं हा फरक मिनिटांचाच पडतो, असंही तिनं मला समजावलं.

आमच्या औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा होऊ घातलीय, गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड तारे आदळले की अवकाशातच उठणारे तरंग, टिपणारी. जमिनीचे भाव आणि नोकऱ्या सोडून तिच्याबद्दल आमच्याकडं कुणी काही बोलत नाही. तुम्ही जाता जाता सांगितलंत, की १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी टिपली, तेरा कोटी वर्षं प्रवास करून आलेल्या त्या गुरुत्वीय लहरी आणि मागोमाग गॅमा किरणांचा झोत, दोघांत पावणेदोन सेकंदांचाही फरक नाही. पोरगी आता औंढ्याच्या रस्त्यानं जाताना खिडकीची जागा मागते. बघायला तिथं अजून काही नाही, तरी मागते.

तुम्ही गेल्यावर तिनं मामाची सगळी पोस्टकार्डं खाऊन टाकली. आणि परवा शाळेतून आल्यावर दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आज हात वर केला." उत्तर मिळालं का, हे मी विचारलं नाही.

तिचा तुमच्यासाठी प्रश्न आहे, तो तिच्याच शब्दांत देते: "सर, ट्रकात बसलेल्या मामाला तर आपणच लांब पळताना दिसू. म्हणजे त्यानं वजाबाकी केली तर त्याला आपलं घड्याळ हळू भरंल. मंग खरं हळू कुणाचं?"

आठ दिवस लागले तरी चालतील. हरभरा काढून झालाय, दोन किलो डाळ तुमच्यासाठी बांधून ठेवलीय. आणि या वेळी चारच्या नाही, साडेपाचच्या गाडीनं जा.

तुमची,
एका नववीतल्या पोरीची आई
जिल्हा हिंगोली