काकू, तुमच्या डाव्या हाताचे आभार

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. दांडिया बाजारातल्या त्या घरगुती मैफलीत माझ्या लेकीच्या चेलोचं (व्हायोलिनच्याच घराण्यातलं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य) भरभरून कौतुक झालं, पण पियानोवर तुम्ही काय केलंत ते फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

बडोद्यात चेलो वाजवणारी मुलंच मोजकी, त्यांना साथ करणारं कोण मिळणार? लेक रेकॉर्ड केलेल्या साथीवर सराव करायची. मैफलीत वाजवलेला फ्रेंच संगीतकार देबुसींचा हा सोनाटा, म्हणजे चेलो आणि पियानोसाठीची काही भागांची रचना, जेमतेम 11-12 मिनिटांचा, पण त्यातली लय सारखी सैल होते, आवळते, मध्येच थबकते. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. तुम्ही थांबलात. तिचा बो, म्हणजे चेलोचा गज, तारेवर टेकेपर्यंत पुढचा स्वर हातात धरून ठेवलात.

सगळ्यात अवघड जागा पहिल्या भागाच्या मधली. चेलो खर्जात घुमत असतो आणि पियानोही तिथेच खाली उतरतो. जरा जोर वाढला की चेलो बुडालाच. पियानोवादकाने चेलोशी झुंजायचं नाही, त्याला साथ करायची, हे कधी विसरू नये, असं देबुसींनीच लिहून ठेवलं होतं. तुम्ही डावा हात हलका ठेवलात, स्वर लांबवणारं पेडल लवकर सोडलंत, आणि लेकीचा खर्ज शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचला. सरावात तिला म्हणाला होतात, "तू जोर लावू नकोस, जागा मी करते." तेव्हापासून ती बो दाबून वाजवत नाही. आमच्या कितीही सांगण्याने हे झालं नव्हतं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. 1915 साली, महायुद्ध चालू असताना, फ्रान्समध्ये लिहिलेली ही रचना तिला फार परकी वाटायची. तेव्हा तुम्ही तिला गायक-वादक इनायत खाँची गोष्ट सांगितलीत. आपल्या बडोद्यात जन्मलेले, संगीतकार मौलाबक्षांचे नातू. ते पॅरिसला गेले तेव्हा देबुसींनी त्यांचे राग आवडीने ऐकले होते! मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये सुरू केलेली संगीतशाळा तिला सूरसागर तलावाजवळून जाताना नेहमी दिसते. त्यानंतर दुसरा भाग, जिथे चेलो बराच वेळ बोटांनी छेडायचा असतो, ती न बिचकता वाजवू लागली. मैफलीत नेमक्या तिथेच पुढे बसलेल्या आजोबांनी मान डोलावली. तुम्हीही पाहिलंत ना?

देबुसींनी असे सहा सोनाटे योजले होते. 1918 मध्ये ते गेले, तोवर तीनच पुरे झाले होते. चेलोच्या वाट्याला हा एकच आला, म्हणून लेक आता इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या 1961 सालच्या चेलो सोनाट्याच्या मागे लागली आहे. त्याचा दुसरा भाग सगळाच छेडून वाजवायचा आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर बसायला तयार नाही. रविवारी नोटेशन घेऊन येऊ का? जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा.

आपली,
चेलोवाल्या मुलीची आई